शंभर वॉटची गोधडी

शालिक भोयरने तीन वर्षांत एकही कूलर बांधला नव्हता. चंद्रपुरात बल्लारपूर रोडवर त्याचं टिनाचं शेड होतं आणि दारावर 'भोयर कूलर' ही पाटी अजून होती. पण आत आता तो खिडक्यांच्या जाळ्या आणि टाक्यांचे स्टँड बनवायचा. मे महिन्यात पारा पन्नासाला टेकायचा. लोक शेडच्या दारात येऊन म्हणायचे, "भोयरजी, तुमच्या हाताचा कूलर पाहिजे." तो वेल्डिंगचा चष्मा डोळ्यांवर ओढायचा आणि म्हणायचा, "आता नाही बनवत."

कारण कोणी विचारत नसे. कारण आपल्याला ठाऊक आहे, असंच सगळ्यांना वाटे. तीन वर्षांपूर्वी, २०३८ च्या मे महिन्यात त्याची बायको कुंदा उष्माघातानं गेली होती. घरातच, भरदुपारी, नवऱ्यानं बांधलेला कूलर समोर सुरू असताना. लोक म्हणाले, कूलरवाल्याच्याच घरी कूलर नापास झाला. शालिकच्या कानावर ते आलं. त्यानं कोणाचं बोलणं खोडलं नाही.

मार्चच्या शेवटी त्याची मुलगी चेतना शेडमध्ये आली. हातात तिच्या कॉम्प्युटरचा डबा होता. तिनं तो टेबलावर ठेवला आणि एका बाजूची काच काढली.

"बाबा, हे थंड करून पाहिजे."

"मी कूलर बनवत नाही, तुले माहीत आहे."

"कूलर नको. पाणी खेळवायचं आहे याच्यात."

शालिकनं मान वर केली. "विजेच्या वस्तूत पाणी? डोकं ठिकाणावर आहे न तुहं?"

चेतना रणवेस नावाचा खेळ खेळायची. पाच-पाच जणांचे दोन संघ, एकानं गड राखायचा आणि दुसऱ्यानं घ्यायचा. तिच्या संघातले बाकीचे चौघे अकोला, लातूर, सुरत अशा ठिकाणी आपापल्या घरून खेळत. या खेळात तेविसावं वर्ष म्हणजे म्हातारपण, आणि चेतनाला तेविसावं लागलं होतं. चोवीस मे रोजी दुपारी दोन वाजता निवड सामना होता. जिंकलं तर हैदराबादच्या संघात पगारी जागा मिळणार होती. हरलं तर पुढच्या वर्षी तिला कोणी बोलावणार नव्हतं.

गेल्या वर्षी ती हरली होती ती हातांमुळे नाही, उन्हामुळे. कॉम्प्युटरमधला प्रोसेसर नखाएवढ्या चकतीत तीनशे वॉट उष्णता तयार करतो, जवळपास अर्ध्या इस्त्रीएवढी. ती पंख्यानं हवेत टाकायची असते. पण खोलीतली हवाच सत्तेचाळीस अंशांवर असली, तर टाकणार कुठे? चकती पंचाण्णव अंशांवर पोचते आणि जळू नये म्हणून आपणच मंद होते. पडद्यावरचं चित्र अडखळतं. गेल्या वर्षी शेवटच्या डावात ते पाऊण सेकंद अडखळलं, आणि तेवढ्यात गड गेला.

एसी लावायची सोय नव्हती. उन्हाळ्यात दुपारी बारा ते पाच घरामागे आठशे वॉटची मर्यादा होती. त्यापुढे गेलं की मीटरच वीज तोडायचा. कॉम्प्युटर एकटाच साडेपाचशे खायचा.

शालिकनं डब्यात डोकावून पाहिलं. यंत्र पाहिलं की त्याचे हात शिवशिवायचे, ती सवय तीन वर्षांत गेली नव्हती.

"पाणी गरम होऊन बाहेर आलं, तर ते थंड कोण करणार?" त्यानं विचारलं.

"तेच तर विचारून राहिली न मी तुम्हाला," चेतना म्हणाली.

उत्तर सापडलं इंजिनिअरिंग कॉलेजच्या गेडाम मॅडमकडे. शालिकनं त्यांच्या प्रयोगशाळेच्या खिडकीला जाळी बसवली होती. कॉलेजच्या गच्चीवर त्यांनी पांढरट चंदेरी पत्रे मांडले होते, त्यांना सगळे आभाळपत्रे म्हणत. भर एक वाजता मॅडम त्याला गच्चीवर घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "हात लावा."

शालिक हसला. चंद्रपूरच्या माणसाला दुपारी एक वाजता पत्र्याला हात लावायला सांगणं ही थट्टाच होती. त्यानं बोट टेकवलं आणि मग पूर्ण तळहात ठेवला. पत्रा गार होता.

"ऊन पडून राहिलं न याच्यावर?"

"ऊन याला लागतच नाही. जवळजवळ सगळं परत फेकतो," मॅडम म्हणाल्या. "आता दुसरी गोष्ट. प्रत्येक वस्तू आपली उष्णता किरणांच्या रूपात बाहेर टाकत असते. तुम्ही, मी, ही भिंत, सगळे. डोळ्यांना ते किरण दिसत नाहीत. बहुतेक किरण हवा मध्येच गिळते आणि उष्णता आपल्याभोवतीच राहते. पण त्यातले काही विशिष्ट लांबीचे किरण हवेला अडवता येत नाहीत. ते सरळ आभाळ पार करून वर अंतराळात जातात. तिथं किती थंडी आहे, तुम्हाला माहीत आहे. या पत्र्यावरचा लेप बरोबर तेवढेच किरण सोडतो. म्हणजे हवा कितीही तापलेली असो, आपली उष्णता तिच्या डोक्यावरून थेट वर पाठवायची."

"आणि वीज?"

"शून्य. मात्र एका चौरस मीटरला शंभर वॉट, त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नका. आणि आभाळ ढगाळलं, दमट झालं, की ताकद कमी."

शालिक पत्र्यावर हात ठेवून तसाच उभा राहिला. मग त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "मॅडम, माणसातून किती वॉट निघत असतील?"

"नुसतं बसलेल्या? शंभर."

"फक्त शंभर?"

"हो. एका जुन्या पिवळ्या बल्बाएवढे. तेवढे अंगातून बाहेर जात राहिले की माणूस जगतो. घाम त्यासाठीच असतो."

शालिकनं मनातल्या मनात हिशेब केला. शंभर वॉट म्हणजे एक मीटर बाय एक मीटरचा तुकडा. कुंदाला तेवढाच लागला असता.

मॅडमनी प्रयोगासाठी म्हणून सहा पत्रे दिले. आकडे लिहून द्यायचे, एवढीच अट. शालिकनं घराच्या स्लॅबवर अँगलचा सांगाडा उभा केला, पत्र्यांच्या पाठीला तांब्याच्या नळ्या डाखल्या आणि खाली परसातल्या सावलीत दोनशे लिटरची टाकी ठेवली. टाकीला त्यानं थर्माकोल आणि पोत्यांचं जाड वेष्टण केलं. रात्रभर एका छोट्या पंपानं पाणी पत्र्यांमागून फिरायचं आणि सकाळी टाकीत वीस अंशांचं पाणी तयार असायचं. टाकीतून दोन नळ्या खिडकीतून खोलीत गेल्या आणि प्रोसेसरवर बसवलेल्या तांब्याच्या ठोकळ्याला जोडल्या. ठोकळ्याच्या आत केसांसारखे बारीक पापुद्रे होते. पाणी त्यांच्यामधून जाताना उष्णता घेऊन निघायचं. बोअरच्या पाण्यानं पापुद्रे चार दिवसांत क्षारानं बुजले असते, म्हणून त्यानं बॅटरीवाल्याकडून डिस्टिल्ड वॉटरचे कॅन आणले.

शेजारचे बाबाराव झाडे रोज संध्याकाळी कंपाउंडवर कोपरं टेकून उभे राहायचे. कोळसा खाणीत पस्तीस वर्षं काढून ते निवृत्त झाले होते, आणि आता त्यांना दुसऱ्याच्या कामावर देखरेख करायला भरपूर वेळ होता.

"शालिक, काय करून राहिला बाप्पा?"

"गर्मी आभाळात पाठवून राहिलो."

"आमचीही थोडीशी पाठव न. तुह्या वहिनीच्या डोक्यातली."

"ऐकू आलं मले!" आतून गिरिजाबाई ओरडल्या. "आधी तुमच्या तोंडाले एक पत्रा लावून घ्या म्हणा!"

खोली कुंदाचीच होती. तिची बाज काढून चेतनानं तिथं टेबल मांडलं होतं, कारण घरात तेवढी एकच खिडकी परसाकडे उघडायची. खिडकीशी तोच कूलर होता, शालिकनं बांधलेला, वाळ्याच्या ताट्यांचा. तो कोणी काढला नव्हता आणि कोणी लावतही नव्हतं.

पहिली चाचणी एप्रिलच्या मध्यात झाली. बाहेर चव्वेचाळीस होतं. चेतना खेळायला बसली आणि पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा एकसष्टवर थांबला. पंचाण्णवच्या जागी एकसष्ट! चेतना खुर्चीवर नाचलीच. शालिकला तीन वर्षांत पहिल्यांदा वाटलं, की आपल्याला आपलं काम येतं. त्या आनंदात त्यानं पाहिलं, पोरीच्या मानेवरून घामाच्या धारा चालल्या आहेत. त्यानं न विचारता कूलरमध्ये पाणी टाकलं आणि बटण दाबलं. घराजवळच्या रेल्वे साइडिंगला कोळशाची मालगाडी लागली होती, काळी धूळ आत यायला लागली होती. त्यानं खिडकीही ओढून घेतली. नळ्यांपुरती फट तेवढी राहिली.

चाळीस मिनिटांनी कॉम्प्युटर 'टक्' करून बंद पडला.

शालिकनं काच काढली. आतली नळी ओली होती, ठोकळा ओला होता आणि खालच्या बोर्डावर थेंब पडले होते. सगळे सांधे त्यानं बोटानं चाचपले. कुठूनही गळत नव्हतं. त्यानं टाकी मापली, एक थेंब कमी नव्हता. मग हे पाणी आलं कुठून?

त्यानं गेडाम मॅडमना फोन लावला.

"नळीला घाम आलाय," त्या लगेच म्हणाल्या. "फ्रिजमधली बाटली बाहेर काढली की तिला येतो तसा. हवेत वाफ असते, थंड वस्तूला लागली की तिचं पाणी होतं. पण आपली उन्हाळ्यातली हवा इतकी कोरडी, की वीस अंशांच्या नळीला घाम यायला नको. भोयरजी, खोलीत कूलर होता का?"

"होता."

"आणि खिडकी?"

शालिकनं खिडकीकडे पाहिलं. "बंद होती."

"मग बरोबर. कूलर हवेत पाणी मिसळतो. ती हवा बाहेर पडायला वाट नसली, की खोलीत वाफ कोंडते. त्या हवेत नळीला घाम सुटतो आणि माणसाचा घाम वाळत नाही. हे तर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल."

ठाऊक होतं. तीस वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला कूलर देताना तो एकच गोष्ट बजावायचा, की समोरची खिडकी उघडी ठेवा. कोळशाच्या धुळीपायी या गावात सगळे नेमकी तीच चूक करायचे. आणि आज ती त्यानं स्वतः केली होती.

त्यानं फोन ठेवला. चेतना भिंतीला पाठ लावून उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"बाबा, त्या दिवशी खिडकी मीच लावली होती."

शालिक बोर्डावरचे थेंब फडक्यानं टिपत होता. त्याचा हात थांबला नाही.

"धूळ येऊन राहिली होती. आई खोकत होती. मी लावली आणि तिकडे जाऊन खेळत बसली. कानाला हेडफोन. दोन तास बसली मी, बाबा. तिनं आवाज दिला असेल तर मले ऐकूही आला नसेल." तिनं खिडकीकडे बोट दाखवलं. "तुम्ही आले तेव्हा तुम्हीच उघडली न ती? मी पाहिलं होतं. तुम्ही काहीच बोलले नाही. मग कूलर बनवणंच सोडलं. मले वाटलं, माह्यामुळे."

शालिकनं फडकं खाली ठेवलं.

"तुह्यामुळेच सोडलं," तो म्हणाला. "कूलर बनवला की गिऱ्हाइकाले खिडकीचं सांगावं लागते. मग कोणीतरी विचारलं असतं, तुह्या घरी त्या दिवशी खिडकी उघडी होती का? घरात तुम्ही दोघीच होत्या. म्हणून म्हटलं, लोक म्हणतात कूलर खराब होता, तर म्हणू दे."

चेतना खाली बसली आणि रडली. तो तिच्याशेजारी जमिनीवर बसला. समजूत घालणं त्याला कधी जमलं नव्हतं, ते खातं कुंदाकडे होतं. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "उघडी असती तर आई वाचली असती?"

"माहीत नाही," शालिक म्हणाला. "कदाचित वाचली असती, कदाचित नाही. त्या दिवशी आभाळ आलं होतं, बाहेरही दमटच होतं. मी दुपारी घरी असतो तर? मी लग्नाच्या हॉलचे कूलर दुरुस्त करत होतो. तुले सांगतो बेटा, हा हिशेब मी तीन वर्षं करून राहिलो. तो जुळतच नाही." त्यानं बोर्डाकडे बोट दाखवलं. "हे वाळलं की सुरू होईल. त्याचं बघू."

बोर्ड तीन दिवस उन्हात वाळला आणि सुरू झाला. कूलर बाहेर गेला. खिडकी उघडी ठेवायचं ठरलं. पण मग दुसरी अडचण उभी राहिली. यंत्र थंड, आणि त्याच्यासमोर बसलेली पोर शेहेचाळीस अंशांत. अर्ध्या तासात तिची बोटं घामानं घसरायला लागायची.

शालिकनं तिला खेळताना दोन दुपारी नुसतं पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्यानं लोखंडी पेटीतून कुंदाची गोधडी काढली. कुंदानं ती जुन्या लुगड्यांची शिवली होती. दोन-दोन बोटांवर सरळ धावदोऱ्याच्या ओळी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. शालिकनं पट्टी लावून पाहिली, ओळींमधलं अंतर कुठंही हललं नव्हतं. त्या ओळींमधून त्यानं सलाइनच्या नळीएवढी बारीक नळी ओवली. दोन रात्री लागल्या, एकही टाका उसवावा लागला नाही. टोकांना त्यानं खटक्याचे जोड बसवले. दाबलं की बसतात, ओढलं की सुटतात, आणि थेंब सांडत नाही. तसे जोड त्यानं ठोकळ्यालाही लावले आणि परसात टाकीपाशीही काढून ठेवले.

"पाणी आधी प्रोसेसरला द्यायचं, बाबा," चेतना म्हणाली. "सगळे तसंच करतात. सगळ्यात थंड पाणी प्रोसेसरला."

"काहून? तो साठ-सत्तरवर मजेत चालतो. त्याले पंचविसाचं पाणी दिलं काय न तिसाचं दिलं काय. तुह्या अंगाले मात्र फरक पडते." त्यानं नळी आधी गोधडीला लावली आणि गोधडीतून निघालेलं पाणी प्रोसेसरला दिलं. "आधी माणूस. मग मशीन."

चेतनानं गोधडी पाठीवरून पोटाशी ओढून घेतली आणि डोळे मिटले. आकडा एकसष्टचा त्रेसष्ट झाला होता. बस, तेवढंच.

त्या दिवसापासून शालिक आणखी एक काम करायला लागला. रोज दुपारी बाराला तो कंपाउंडपाशी जाऊन हाक मारायचा, "वहिनी, खिडकी!"

"उघडी आहे, उघडी आहे!" गिरिजाबाई आतून म्हणायच्या. "खिडकीचा इन्स्पेक्टर आला पाहा!"

चोवीस मेला सकाळीच वारा पडला. आभाळात पातळ ढग होते, रात्री पत्र्यांनी नीट काम केलं नव्हतं आणि टाकीत पाणी चोवीसचं होतं. एक वाजता बाहेर एकोणपन्नास. नागपूरहून पंच म्हणून आलेली मुलगी खोलीत एका कोपऱ्यात बसली. तिनं नियम वाचून दाखवले. डाव सुरू झाल्यावर खोलीत कोणी यायचं नाही आणि खेळाडूशी कोणी बोलायचं नाही. तसं झालं तर सामना गेला.

बाबाराव भोयरांच्या पुढच्या खोलीत टीव्हीसमोर मांडी घालून बसले. त्यांना खेळातलं काही कळत नव्हतं, पण "हाण त्याले, हाण!" हे ते वेळेवर म्हणत होते. दोन डाव चेतनाच्या संघानं घेतले, दोन गेले. पाचवा सुरू झाला. टाकीतलं पाणी सत्तावीसवर आलं होतं. पत्रे बघायला म्हणून शालिक स्लॅबवर चढला.

वरून त्याला झाडेंची खिडकी दिसली. बंद होती. कूलरचा पंखा सुरू होता. साइडिंगला मालगाडी लागली होती. आज सामन्याच्या गडबडीत तो हाक मारायला विसरला होता.

तो जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरला. "बाबाराव! वहिनी कुठं आहे?"

"झोपली असेल. डोकं दुखते म्हणे. तू बस न, आपला गड..."

शालिक कंपाउंडवरून उडी मारून गेला. दार लोटलं तसा दमट वाफारा तोंडावर आला. गिरिजाबाई बाजेवर पडल्या होत्या. अंग भट्टीसारखं तापलेलं होतं. हाक मारली तर त्या काहीतरी असंबद्ध पुटपुटल्या. शालिकनं आधी खिडकी उघडली. मग बाबाराव मागून धावत आले.

"एकशे आठला फोन करा. आणि बाजेचा पाय धरा," शालिक म्हणाला.

दोघांनी बाज उचलून परसात, टाकीजवळच्या सावलीत आणून ठेवली. ॲम्ब्युलन्सला वीस मिनिटं लागतील असं उत्तर आलं. बाबाराव दुपट्टा ओला करून बायकोचं तोंड पुसत होते, पण बाहेरच्या त्या हवेत नुसत्या दुपट्ट्यानं काय होणार? जे पाहिजे होतं ते आत होतं, चेतनाच्या अंगावर.

शालिक खिडकीपाशी गेला.

चेतनाची पाठ खिडकीकडे नव्हती, बाजू होती. पडद्यावर तिचा गड धुरात होता. तिची बोटं कीबोर्डवर नाचत होती. कानाला हेडफोन होते. शालिकनं तोंड उघडलं आणि मिटलं. एक शब्द बोललो तर सामना जाईल. नाही बोललो तर... त्यानं ठरवलं, पाच मोजू आणि मग बोलू. हैदराबाद गेलं तर गेलं.

तीनपर्यंत मोजलं असेल, तेवढ्यात चेतनानं मान वळवली. तिनं बापाचा चेहरा पाहिला. त्याच्या खांद्यामागची बाज पाहिली, बाजेवरून लोंबणारा बांगड्यांचा हात पाहिला. एवढंच, एक क्षण. मग तिचा उजवा हात माउसवरच राहिला आणि डाव्या हातानं तिनं खटक्याचा एक जोड ओढला, दुसरा ओढला. टाकीकडून आलेलं टोक तिनं न पाहता सरळ ठोकळ्याच्या जोडात बसवलं. अंगावरची गोधडी एका झटक्यात सोडवली आणि खिडकीतून बाहेर लोटली.

कोपऱ्यातली पंच अर्धी उठली. कोणी आत आलं नव्हतं. कोणी बोललं नव्हतं. ती खाली बसली.

शालिकनं गोधडी गिरिजाबाईंच्या अंगाभोवती गुंडाळली, काखेत आणि मांड्यांमध्ये घट्ट दाबली आणि टाकीपाशी काढलेल्या जोडांना टोकं लावली. नळीतून पाणी सरकलं. दोनशे लिटर पाणी आणि एक बाई. शंभर वॉट रोजचे आणि तापाचे आणखी वरचे. त्यानं हात तिच्या कपाळावर ठेवला आणि तिथून हलवला नाही. बाबाराव वरून दुपट्टा पिळत राहिले, मध्येच म्हणत राहिले, "मी टीव्ही पाहून राहिलो होतो रे शालिक. मी बाजूलेच होतो."

"माहीत आहे," शालिक म्हणाला. "पाणी टाका."

बाराव्या-तेराव्या मिनिटाला गिरिजाबाईंनी डोळे उघडले. नजर आधी फिरत राहिली, मग नवऱ्यावर थांबली. मग त्यांनी अंगावरच्या गोधडीवर बोटं फिरवली, टाक्यांच्या ओळीवरून, सावकाश.

"हे कुंदाची आहे न?" त्यांचा आवाज चिंधीसारखा निघाला.

"हाव, वहिनी."

"तिचाच टाका. आमच्यात कोणालेच असा सरळ नाही जमला." त्यांनी ओठ ओले केले. "ओली काहून आहे?"

"ओली नाही. गार आहे."

ॲम्ब्युलन्स आली. तिच्याबरोबर आलेल्या नर्सनं ताप मोजला, एकशे दोन. ती म्हणाली, "उतरतोय. हे काय गुंडाळलंय?" शालिकनं सांगायला सुरुवात केली, पण गाडी निघाली. बाबाराव आत बसताना त्याचा हात धरून काहीतरी म्हणाले, ते सायरनमध्ये ऐकू आलं नाही.

तो परसात परतला, तेव्हा चेतना दारात उभी होती. चेहरा लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले. तिनं माठातून एक तांब्या पाणी घेऊन उभ्यानंच संपवलं.

"काकू?"

"बोलून राहिली होती. टाक्याले नावाजून राहिली होती तुह्या आईच्या."

चेतनानं मान हलवली. शालिकला मग एकदम आठवलं.

"डावाचं काय झालं?"

"जिंकलो. शेवटची चार मिनिटं बोटं कीबोर्डवरून सुटून राहिली होती." तिनं तळहात पाहिले. "मशीन एकदाही अडखळलं नाही, बाबा."

"अडखळणार कसं? गोधडी गेल्यावर सगळं गार पाणी त्यालेच तर मिळालं." तो सुटलेली नळी गोळा करायला लागला. "उद्या गेडाम मॅडमकडे जातो. आणखी पत्रे लागतील. एका माणसाले एक मीटर, बस. झाडेंकडे दोन. पलीकडे ती सिडाम मास्तरांची आई आहे, तिले एक. गोधड्या मात्र दुसऱ्या कोणाकडून शिवून घ्याव्या लागतील, माह्यानं एवढी सरळ ओळ नाही यायची."

"पाटीवर काय लिहाल मग?"

"पाटी आहे तशी राहील. कूलरही बनवीन. पण देताना खिडकीचं सांगीन." तो थांबला. "सगळ्यांसमोर सांगीन आता."

साइडिंगवर मालगाडी हलली. काळ्या धुळीचा एक लोट परसावरून आला आणि खोलीत शिरला. चेतनानं सवयीनं खिडकीच्या दाराला हात घातला. दार अर्धं ओढलं गेलं होतं, तिथंच तिचा हात थांबला. तिनं ते पुन्हा भिंतीला टेकेपर्यंत उघडलं आणि वाऱ्यानं लोटू नये म्हणून खाली कडी अडकवली.

"धूळ येईल," शालिक म्हणाला.

"येऊ द्या," ती म्हणाली. "झाडून घेईन."